भाकरी आधी की पोळी? वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मराठवाड्याचे ताट पुन्हा मांडताना

शस्त्रक्रिया होऊन महिना उलटला की आहारतज्ज्ञांनी दिलेल्या तक्त्यात ‘मऊ आहार’ असा एक रकाना येतो आणि त्या रकान्यात आपल्या घरातले नेमके काय बसते, हा प्रश्न स्वयंपाकघरावर सोपवलेला असतो. माझी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची बायपास शस्त्रक्रिया ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, तर माझ्या मावसभावाने त्याच वर्षी उन्हाळ्यात जठर अरुंद करणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्याला जे सहज पचले ते मला बाधले आणि मला जे चालले ते त्याला आवडेनासे झाले. म्हणून पुढची तुलना दोघांचे अनुभव समोर ठेवून केली आहे. आठवड्यांचा हिशेब मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या तक्त्यावरूनच लावावा.

दोन शस्त्रक्रियांमधला फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते, पण जठराच्या खालच्या टोकाशी, आतड्याच्या तोंडावर असलेली झडप जागेवर राहते. बायपासमध्ये साधारण 30 मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न त्या झडपेला वळसा घालून पुढे जाते. जागा दोन्हीकडे थोडीच असते आणि तेवढ्या जागेतून दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. एखादा पदार्थ सोसतो की नाही हे पाहताना तो पदार्थ प्रथिनांची जागा अडवतो का, हेही त्याच वेळी पाहावे लागते.

साधारण क्रम असा असतो, की पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, नंतरचे दोन आठवडे गाळलेले किंवा घोटलेले अन्न, मग आठव्या आठवड्यापर्यंत मऊ अन्न आणि त्यानंतर एकेक करून नेहमीचे जेवण. भाकरी, पोळी आणि भात यांची खरी लढत मऊ अन्नाच्या टप्प्यात सुरू होते.

घरच्यांचा कौल पोळीला असतो, कारण गव्हाची पोळी आजाऱ्याला हलकी असा आपल्याकडचा जुना समज आहे. या शस्त्रक्रियेनंतर तो समज बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. गव्हातल्या चिवट प्रथिनामुळे पोळी कितीही चावली तरी तिचा कणकेसारखा गोळा होतो आणि तो अरुंद वाटेत अडतो. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे वाटते, तोंडाला फेसाळ पाणी सुटते आणि घास उलटून पडेपर्यंत चैन पडत नाही. सहाव्या आठवड्यात माझ्या आईने प्रेमाने केलेल्या घडीच्या पोळीच्या दुसऱ्याच घासाला माझी ही अवस्था झाली. पातळ फुलका शेकून थोडा कडक केला तर तो तुलनेने बरा उतरतो, पण तोही तीन महिन्यांच्या आत घाई करण्यासारखा नाही.

ज्वारीत तो चिवटपणा नसतो. म्हणूनच भाकरी थापताना पीठ गरम पाण्यात मळावे लागते, तरी कडेला भेगा पडतात, आणि म्हणूनच ती तोंडात भुगा होऊन विरते. ताज्या भाकरीचा वरचा पापुद्रा आणि करपलेली कड काढून आतला मऊ भाग घट्ट वरणात कुस्करला, तर सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन-तीन चमचे बहुतेकांना झेपतात. जालन्याकडची दगडी ज्वारी असो की बाजारातली मालदांडी, ताजे पीठ आणि ताजी भाकरी ही अट मात्र पाळावी. शिळी भाकरी वातड होते आणि तिचे तुकडे न चावता गिळले जातात. मात्र दुधात किंवा ताकात कालवलेल्या पातळ काल्याबद्दल मी सावध राहण्यास सांगेन. तो इतका सहज उतरतो की पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि मावसभावाचे वजन चौथ्या महिन्यात जे अडून बसले त्यामागे रोज संध्याकाळचा दूध-भाकरीचा मोठा वाडगा होता. जे सर्वांत सोपे जाते ते फार काळ सर्वांत चांगले राहत नाही, हे त्याला आहारतज्ज्ञांनी वजनाचा आलेख समोर ठेवून समजावले. त्यानंतर त्याने कोरड्या उसळीबरोबर चावून खायची अर्धी भाकरी सुरू केली.

भाताचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. मऊ भात अडकत नाही असे वाटते, पण तो न चावता गिळला जातो, पिशवीत पाणी शोषून फुगतो आणि चार चमच्यांनंतर अचानक श्वास अडल्यासारखे होते. शिवाय त्यात प्रथिने नगण्य असतात. दोन भाग मुगाच्या डाळीला एक भाग तांदूळ अशी सैल खिचडी हा भाताचा त्यातल्या त्यात शहाणा अवतार आहे.

कडधान्यांमध्ये निवड सोपी आहे आणि सुदैवाने या बाबतीत आपला प्रदेश श्रीमंत आहे. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तुरीला तर भौगोलिक मानांकनच मिळाले आहे. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, पण आमच्याकडे वाढतात तसल्या पातळ वरणात त्याच्या निम्मीही मिळत नाहीत, हा फरक आईला पटायला मला आठवडा लागला. पिठले वरणाइतकेच मऊ आणि प्रथिनांना तितकेच चांगले, फक्त वरची फोडणीची तर्री काढावी लागते. मोड आलेल्या मटकीच्या उसळीला सालींमुळे दोन महिने थांबावे. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची आमटी मला सर्वांत प्रिय असली तरी तिचा क्रम शेवटचा लागतो, कारण तिच्यात तिखट आणि तेल जास्त असते आणि डाळ कमी. अंड्याचे मात्र सर्वांशी पटते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि मऊ शिजवलेले अंडे बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यातच चालते.

मांसाहारी मंडळींसाठी तुलना मटण आणि चिकनची आहे. खिमा किंवा तुकडे करून रश्शात भिजवलेले चिकन आधी येते, तर मटणाचे धागे चिवट असल्याने ते तीन महिन्यांनंतरच घ्यावे. छत्रपती संभाजीनगरच्या नान-खलियाचा, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्शाचा मोह ज्यांना सुटत नाही त्यांनी खलियातला पूर्ण शिजलेला, बोटाने तुटणारा एखादा तुकडा रस्सा निथळून घ्यावा आणि नान सोबतच्या माणसाला द्यावा. पोळीचा जो दोष सांगितला तो नानमध्ये दुपटीने आहे.

गोडाच्या बाबतीत माझ्या आणि मावसभावाच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या. बायपासनंतर साखर झडपेची अडवणूक न होता एकदम आतड्यात उतरते, आतड्यात पाणी ओढले जाते, आणि जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. यालाच डॉक्टर डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून हातपाय थरथरतात. कुंथलगिरीचा अर्धा पेढा खाऊन मी दिवाळीत हे दोन्ही भोगले. मावसभावाने तसाच अख्खा पेढा खाल्ला आणि त्याला काहीही झाले नाही. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, पण त्यामुळे त्यांना थांबवणाराही कोणी नसतो, हे दुसऱ्या बाजूने सांगितले पाहिजे. पेढ्याऐवजी केसर आंब्याची एक फोड जेवणाच्या शेवटी घेतली तर बहुतेकांना झेपते. सीताफळ मऊ असले तरी साखरेला जड असते, त्यामुळे बालाघाटच्या सीताफळांचा हंगाम मी दोन चमच्यांवर भागवला. जालन्याच्या मोसंबीचा रस टाळावा आणि फोडीही वरचे पापुद्रे सोलूनच खाव्यात, कारण ते पापुद्रे पचत नाहीत आणि पिशवीत त्यांचा गोळा होऊ शकतो.

पाणी, ताक आणि चहा यांची तुलना चवीवर करण्यात अर्थ नाही, वेळेवर करावी लागते. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास काहीही प्यायचे नाही, हा नियम ताकाशिवाय न जेवणाऱ्या आमच्यासारख्यांना सर्वांत जड जातो. ताक दुपारी चार वाजता, चहा साखरेशिवाय, आणि उसाचा रस व सोडा दोन्ही बंद, अशी माझी सध्याची व्यवस्था आहे. ब जीवनसत्त्व बारा, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना मात्र कोणताही पदार्थ पर्याय होत नाही, आणि त्या आयुष्यभर चालतात.

वेळ अमावस्येला माझे बारा आठवडे नुकतेच पूर्ण झाले होते. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शेतात जे मांडतात त्यात भज्जी (डाळी, ओला हरभरा आणि भाज्यांची मिश्र भाजी), आंबील, बाजरीचे उंडे आणि खीर असते, आणि कोपीभोवती, म्हणजे शेतातल्या कडब्याच्या खोपीभोवती बसलेल्या माणसाला एवढ्यावरच थांबू देत नाहीत. मी आधी भज्जीतली डाळ आणि ओला हरभरा खाल्ला, उंड्याचा लिंबाएवढा तुकडा त्यात चुरला, खीर चमच्याच्या टोकावर घेतली आणि आंबिलीचा तांब्या अर्ध्या तासासाठी बाजूला ठेवला. वीस मिनिटांत माझे जेवण झाले होते. काकूंनी दोनदा विचारले, ‘एवढंच का रे बाळा?’ तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही, झाकण ठेवलेला तांब्या तेवढा माझ्याजवळ सरकवला.