ऑनलाइन वंशवृक्ष: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही प्रकार वापरतोय. एक मोफत, सामायिक झाड, ज्यात कोणीही दुरुस्ती करू शकतं. दुसरं वर्गणीचं, आपलं स्वतंत्र. छापील कुलवृत्तांत, कोतवाल बुकातल्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या) नोंदी आणि घरचे जुने दस्त यांवरून जमवलेली माहिती भाऊबंदांपर्यंत पोचावी, एवढाच हेतू. माणसं सापडतात, यात वाद नाही. माहिती मात्र शाबूत राहत नाही.

सगळ्यात मोठा ताप सामायिक झाडावरच्या विलीनीकरणाचा, म्हणजे दोन नोंदी एक करण्याचा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे महादेव बाळाजी, त्याचा बाळाजी महादेव, पुन्हा महादेव बाळाजी अशी साखळी पिढ्यान् पिढ्या चालते. जन्मसाल कोरं असेल तर यंत्राला पहिला आणि तिसरा महादेव एकच वाटतात. 'दुबार नोंद असावी' अशी सूचना येते, कोणीतरी उत्साही चुलतभाऊ बेधडक होकार देतो आणि आजोबा स्वतःचाच नातू होऊन बसतो. बदलांच्या इतिहासातून हे रद्द करता येतं, पण लगेच लक्षात आलं तर. मधल्या काळात त्या नोंदीत कोणी आणखी हात घातला असेल तर एकेक नातं तोडून पुन्हा जोडत बसावं लागतं. म्हणून प्रत्येकाला अंदाजी का होईना जन्मसाल द्यावं. पिढीमागे पंचवीस वर्षं धरून 'सुमारे 1790', 'सुमारे 1840' असं लिहिलं तरी निम्मा त्रास वाचतो. कुलवृत्तांतातला पिढी क्रमांक नावापुढच्या उपाधीच्या रकान्यात टाकावा. तो यादीत डोळ्यांसमोर राहतो, टिपणात लिहिलेलं कोणी उघडून बघत नाही.

बायकांच्या बाबतीत नेमकं उलटं. माहेरची गंगू सासरी रमाबाई झालेली, आडनाव वेगळं, मधलं नावही वेगळं. दोन घराण्यांनी दोन नोंदी केलेल्या असतात आणि त्या एकाच बाईच्या आहेत हे यंत्राला कधीच कळत नाही. माहेरचं नाव मुख्य ठेवून सासरचं 'पर्यायी नाव' म्हणून द्यावं. पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न झालेलं असेल तर मुलं कोणाची ते आधीच तपासा, कारण सगळी मुलं एकीच्याच पदरात टाकलेली झाडं ढिगाने आहेत.

दत्तकाचंही तसंच. दोन्ही आईवडील जोडता येतात, पण नात्याचा प्रकार आपण बदलला नाही तर तो बहुधा 'जैविक' धरला जातो आणि तक्त्यात एकच बाजू दिसते.

तारखा. जुन्या कागदांत 'शके 1785 पौष वद्य' असं असतं. सरसकट 78 मिळवून 1863 टाकणारे बरेच. पौष वद्य बहुतेक वेळा जानेवारीत येतो आणि एक जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात, म्हणजे इथे 1864. तारखेच्या रकान्यात रूपांतरित साल आणि टिपणात मूळ मजकूर जसाच्या तसा, दोन्ही हवंच. नुसतं साल ठेवलं की पुढच्याला चूक शोधायला जागाच उरत नाही.

देवनागरी शोध लंगडा आहे. 'गोऱ्हे' मधला ऱ्ह दोन पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर सारखाच दिसतो, पण आत अक्षरांचे संकेत वेगळे असतात, म्हणून एका पद्धतीने शोधलेलं दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडेलच असं नाही. मोडीतून उतरवलेल्या नोंदीत ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नसतो, ते वेगळंच. रोमन स्पेलिंग पर्यायी नावात जरूर भरा. परदेशातले नातेवाईक त्यावरूनच शोधतात.

वर्गणीच्या झाडात लुडबूड होत नाही, तिथला रोग वेगळा: नक्कल. यंत्राने सुचवलेली 'जुळणी' स्वीकारली की दुसऱ्याची अख्खी फांदी आपल्यात येते, चुकांसकट. आपण नंतर मूळ नोंद सुधारली तरी लोकांनी नेलेल्या प्रती तशाच राहतात. शिवाय आधार म्हणून दुसरं झाडच दाखवलेलं असतं. असा 'आधार' मी शून्य धरतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मृत्यूची नोंद नसलेली व्यक्ती अनेकदा हयात धरून लपवली जाते. पणजोबांच्या नावासमोर 'मृत' एवढंही निवडलं नाही, तर ते चुलत्यांना दिसत नाहीत आणि तेही नवीन पणजोबा तयार करतात.

मूळ प्रत आता ग्रॅम्प्स या वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःच्या संगणकावर ठेवलीय. मोफत आहे, मराठी टंकन चालतं. ऑनलाइन फक्त कागद हाताशी असलेल्या फांद्या, त्याही दिवंगतांपुरत्या. देवाणघेवाण गेडकॉम (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा ठरलेला साचा) फाइलने होते, पण 5.5.1 आवृत्तीत फोटो जात नाहीत, त्यांचे नुसते पत्ते जातात; ते वेगळे उतरवून घ्या. फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतांच्या पद्धतीतच काढा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. वर्गणी संपायच्या आधी हे उरका आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून दोन-चार नावं, आधार आणि टिपणं वाचून पाहा. जात पडताळणीसाठी या झाडाची छापील प्रत घेऊन जाऊ नका; तिथे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ नोंदींच्या प्रती लागतात.