रिओ दे ला प्लाता समजून घ्यायची तर मुक्काम कोणत्या काठावर?

अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यामधल्या रिओ दे ला प्लाता या खाडीचा भूगोल आणि राजकीय इतिहास प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा आहे, पण हाताशी आठवडाभराचीच रजा आहे, अशा वाचकापुढे ब्युनोस आयरेस की माँटेव्हिडिओ हा प्रश्न उभा राहतो. अर्जेंटिना या राष्ट्राचा इतिहास पाहायचा असेल तर पहिल्या शहराला पर्याय नाही. मात्र खाडी हाच कुतूहलाचा विषय असेल, तर मुख्य मुक्काम उरुग्वेच्या काठावर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे मूळ कारण गाळात आहे. पाराना आणि उरुग्वाय या दोन नद्यांच्या संगमापासून सुरू होणारी ही खाडी सुमारे 290 किलोमीटर लांब असून समुद्राजवळ तिची रुंदी सुमारे 220 किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ पुणे ते नाशिक एवढे अंतर. इतका विस्तार असूनही ती उथळ आहे. पाराना नदी सतत गाळ आणून टाकते, त्यामुळे तिचा त्रिभुज प्रदेश ब्युनोस आयरेसच्या दिशेने पुढे सरकत आहे आणि मोठ्या जहाजांसाठी खोदलेले मार्ग पुन्हा पुन्हा उपसावे लागतात. अर्जेंटिनाचा काठ सखल आणि सपाट असल्याने आग्नेयेकडून जोराचा वारा, म्हणजे तिथली ‘सुदेस्तादा’, सुटला की पाणी खाडीत मागे रेटले जाते आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत शिरते. याउलट उरुग्वेचा काठ खडकाळ आहे आणि माँटेव्हिडिओला नैसर्गिक उपसागराचा आसरा मिळाला आहे. या शहरापुढचे पाणी कधी तपकिरी, तर कधी हिरवट दिसते, कारण नदीचे गोडे पाणी आणि अटलांटिकचे खारे पाणी यांची सीमा या भागात पुढे-मागे होत असते. खाडी म्हणजे काय, हे समजायला एवढे दृश्य पुरेसे आहे.

गंमत अशी की सत्ता एकवटली ती उथळ काठावर. 1536 मध्ये पेद्रो दे मेंदोसाने वसवलेले ब्युनोस आयरेस काही वर्षांतच ओस पडले आणि 1580 मध्ये हुआन दे गाराय याने ते पुन्हा वसवले. 1776 मध्ये ते स्पेनच्या नव्या व्हाइसरॉयल्टीची, म्हणजे राजप्रतिनिधीच्या अमलाखालील प्रदेशाची, राजधानी झाले आणि तिथल्या जकातीचे उत्पन्न कोणाचे, हा वाद स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके अंतर्गत यादवीला खतपाणी घालत राहिला. 1880 मध्ये शहर प्रांतापासून वेगळे काढून संघराज्याच्या ताब्यात दिले गेले, तेव्हा कुठे तो बराचसा मिटला. आणि एवढ्या श्रीमंत बंदरात एकोणिसाव्या शतकात बराच काळ जहाजे काठापासून दूर नांगर टाकत, प्रवासी आधी होडीत आणि मग उंच चाकांच्या गाड्यांत बसून चिखलपाण्यातून किनाऱ्यावर येत. शतकाच्या अखेरीस बांधलेल्या पुएर्तो मादेरोच्या गोद्याही लवकरच अपुऱ्या पडल्या. प्लासा दे मायो या चौकातील काबिल्दो, म्हणजे स्पॅनिश काळातील नगरसभेची इमारत, जिथे स्पॅनिश सत्तेविरुद्धची मे 1810 ची क्रांती घडली, आणि या गोद्या पायी फिरून दोन दिवसांत नीट पाहता येतात.

पूर्व काठाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो जास्त वेळ मागतो. 1680 मध्ये पोर्तुगीजांनी ब्युनोस आयरेसच्या अगदी समोर कोलोनिया देल साक्रामेंटो उभे केले. चोरट्या व्यापाराचे हे ठाणे स्पेनला कायम खुपत राहिले, ते वारंवार हातोहात फिरले आणि 1777 च्या तहाने स्पेनकडे गेले. त्याच्या जुन्या वस्तीत पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही राजवटींच्या रचनेचे ठसे आजही दिसतात. पोर्तुगीजांना शह देण्यासाठीच 1720 च्या दशकात ब्रुनो मौरिसिओ दे साबाला याने माँटेव्हिडिओ वसवले. पुढे पूर्व काठाचा स्वातंत्र्यनेता होसे आर्तिगास याचा लढा, पोर्तुगीज ताबा, 1825 ते 1828 चे ब्राझील-अर्जेंटिना युद्ध आणि ब्रिटिश मध्यस्थीने झालेला 1828 चा करार, या साखळीतून उरुग्वे स्वतंत्र झाला. खाडीचे दोन्ही काठ एकाच सत्तेच्या हाती जाऊ नयेत, यात ब्रिटिश व्यापाराचेही हित होते. 1843 ते 1851 या काळात माँटेव्हिडिओला पडलेला वेढा ही याच स्पर्धेची पुढची पायरी होती. माँटेव्हिडिओच्या प्लासा इंदेपेंदेन्सियावर जुन्या तटबंदीचे दार आणि आर्तिगासची समाधी एकाच चौकात आहेत.

म्हणून माझी वाटणी अशी: माँटेव्हिडिओ आणि कोलोनिया मिळून चार दिवस, मग कोलोनियाहून सव्वा तासाच्या आसपासच्या फेरीने ब्युनोस आयरेस, आणि तिथे तीन दिवस. देश दोन असल्याने व्हिसाचे नियम दोन्हींचे स्वतंत्रपणे तपासावेत. एका बाबतीत मात्र अर्जेंटिनाची बाजू वरचढ ठरते. मार्टिन गार्सिया बेट उरुग्वेच्या काठाला जवळ असूनही ते अर्जेंटिनाचे आहे, आणि 1973 च्या सीमा करारात ते निसर्गसंरक्षणासाठी राखून ठेवले आहे. गाळ साचत गेल्याने ते आता शेजारच्या उरुग्वेच्या बेटाला जोडले गेले आहे, त्यामुळे सगळी हद्द पाण्यातून जाणाऱ्या या दोन देशांना तिथे एक छोटी जमिनीवरची सीमाही मिळाली आहे. तिथे जाणारी बोट परंपरेने ब्युनोस आयरेसजवळच्या तिग्रेहून सुटते. वेळापत्रक आधी पाहून तीनपैकी एक दिवस त्यासाठीच राखावा.