आधी बिल बघा, मग प्रिंटर, मोबाइल शेवटी

फिरत्या विक्रेत्यांना जागेवर बिल काढायला मोबाइल आणि छोटा प्रिंटर घ्यायचा म्हटलं की चर्चा मोबाइलपासून सुरू होते. खरं तर मोबाइल कुठलाही धड असला तरी निभावतं. काम अडतं ते प्रिंटरपाशी, आणि प्रिंटर ठरतो बिलाच्या रुंदीवर.

दोन इंची प्रिंटरला ५८ मिमी रुंद रोल लागतो, त्यातल्या ४८ मिमीवर छपाई होते. मिलिमीटरला ८ ठिपके धरले तर ओळीला ३८४ ठिपके, म्हणजे नेहमीच्या टायपात ३२ इंग्रजी अक्षरं. तीन इंचीला ८० मिमीचा रोल, ७२ मिमी छपाई, ४८ अक्षरं. नग, दर आणि रक्कम यांतच वीसेक अक्षरं खर्ची पडतात. दोन इंचीत मालाच्या नावाला उरतात बारा, म्हणून नाव वरच्या ओळीत आणि आकडे खालच्या ओळीत जातात आणि बिल जवळपास दुप्पट लांब होतं. नुसती पैसे मिळाल्याची पावती द्यायची असेल तर दोन इंची बेलाशक घ्या. कर आणि सूट यांचे रकाने असतील तर तीन इंचीला पर्याय नाही, वजन थोडं जास्त पडलं तरी.

बिल मराठीत हवं असेल तर खरी परीक्षा इथे आहे. बहुतेक स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नसतोच, मजकूर तसाच पाठवला की प्रश्नचिन्हं उमटतात. अ‍ॅपने बिलाचं चित्र करून पाठवावं लागतं. चित्र छापायला वेळ लागतो, आणि प्रिंटरची मेमरी तोकडी असली की मध्येच ओळी गळतात किंवा हातभर कचरा छापून येतो. प्रिंटर विकणारा चार ओळींचं बिल काढून दाखवेल, त्यावर जाऊ नका. चाळीस मालांचं बिल लागोपाठ पाच वेळा काढायला लावा.

बॅटरीच्या दाव्यांवरही तेवढाच विश्वास ठेवावा. थर्मल हेड, म्हणजे प्रिंटरची छापणारी पट्टी, ठिपका तापवून कागद काळा करतं. काळा भाग जितका जास्त, तितका करंट जास्त. चार्ज उतरत आला की व्होल्टेज खाली बसतं आणि प्रिंटर बिलाच्या मध्यावर बंद पडतो, बहुतेक वेळा ठसठशीत लोगोपाशी. लोगो काढून टाका, निम्मी तक्रार तिथेच मिटते. बॅटरी काढता येणारी आणि चार्जिंग टाइप-सी असेल तर एकच चार्जर मोबाइललाही चालतो.

मोबाइल आणि प्रिंटर एकाच डब्यात असलेली यंत्रंही मिळतात. जोडणीची कटकट नाही, हरवायला दुसरी वस्तू नाही. पण छपाई मोबाइलचीच बॅटरी खाते, कागद बहुधा दोन इंची असतो, आणि एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला. उभ्या उभ्या पावत्या फाडणाऱ्यांना हे सोयीचं. ऑर्डर घेणाऱ्यांनी वेगळी जोडीच घ्यावी.

आयफोन वापरणार असाल तर प्रिंटर त्याला चालतो का हे आधी बघा. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारे बरेच स्वस्त प्रिंटर आयफोनशी जोडलेच जात नाहीत. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळपासची डिव्हाइस’ ही परवानगी वेगळी मागितली जाते. ती नाकारली की प्रिंटर बिघडल्याची बोंब उठते. एकाच मॉडेलच्या प्रिंटरांची नावं बहुधा सारखीच असतात, त्यामुळे दोघे विक्रेते शेजारी उभे राहिले की एकाचं बिल दुसऱ्याच्या प्रिंटरमधून निघतं. नाव बदला, ते जमत नसेल तर ब्लूटूथ पत्त्याची (प्रत्येक यंत्राची वेगळी ओळख) शेवटची चार अक्षरं-आकडे मागे चिकटवा.

मोबाइलमध्ये तीनच गोष्टी बघाव्यात: उन्हात वाचता येईल असा ६०० निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) पुढचा स्क्रीन, रेंज नसतानाही बिल साठवणारं अ‍ॅप, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली ते अ‍ॅप बंद न करणारी सेटिंग. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलना इथे कोणी विचारत नाही.

रोलचा व्यास मात्र जरूर विचारा. ३० मिमी व्यासाच्या रोलमध्ये साधारण १० मीटर कागद बसतो, ४० मिमीच्या रोलमध्ये जवळपास दुप्पट. बिल १५ सेंमीचं धरलं तर लहान रोल साठ-पासष्ट बिलांत संपतो. कोरा कागद बाहेर आला तर रोल उलटा बसलाय. नखाने ओरखडा काढा, काळी रेघ उमटते ती बाजू हेडकडे हवी. मध्येच पांढरी उभी पट्टी दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून हेड पुसा, पण ते गार झाल्यावर. तरीही पट्टी राहिली तर त्या जागचे ठिपके जळालेत, हेड बदलावंच लागतं. आणि हिशेबाला लागणाऱ्या पावत्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका: प्लॅस्टिकमधल्या रसायनांनी अक्षरं उडतात, उष्णतेने अख्खा कागद काळवंडतो.