52 प्रश्नांचं पुस्तक: माझ्याकडून साडेतीन तारे

पुण्याच्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, मागच्याच्या आधीच्या दिवाळीत मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ही भेट दिली. दर सोमवारी मोबाईलवर एक प्रश्न येतो. म्हाताऱ्या माणसानं बोलून उत्तर द्यायचं, यंत्र ते लिहून काढतं आणि वर्ष सरलं की 52 उत्तरांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घरी येतं. किंमत साडेतीन हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही. चुका त्यांनी शेवटी दुरुस्त करून दिल्या, आता भांडण उकरायचं नाही.

भेट भासऱ्यांची, काम माझं. मामाजी 77 वर्षांचे, फोन फक्त कानाला लावता येतो. मी अंगणवाडी सेविका, दिवसभर ॲपातच माहिती भरत असते, म्हणून हेही माझ्याच गळ्यात आलं. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, नेटवर्क फक्त स्लॅबवर. रात्री जेवणं झाली, घरधनी जागलीला गेले, की मी आणि मामाजी वर चढायचो.

पहिला प्रश्न आला, "लहानपणी तुमच्या खोलीचा रंग कोणता होता?"

मामाजी माझ्याकडे पाहातच राहिले. "मह्या खोलीले रंग? आठ जनं एका खोलीत, रंग पाहाले जागा कोठी होती!" झालं उत्तर. दुसरा प्रश्न सुट्टीतल्या सहलीचा. तिसरा, पहिल्या पगारातून काय घेतलं. "पगार मास्तरले भेटे. आमाले चुकारा भेटे, तोबी भेटला तं." चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे.

प्रश्न कुणी लिहिले देव जाणे, पण त्यानं वावर पाहिलेलं नाही हे नक्की. तीन आठवडे असेच गेले. मग सेटिंगमध्ये खोल कुठंतरी 'स्वतःचा प्रश्न लिहा' असं सापडलं. ते पहिल्याच पानावर ठेवायला काय झालं होतं? मी पगार खोडून चुकारा लिहिला, आणि मामाजी चाळीस मिनिटं बोलले.

1972 साली कापूस एकाधिकार योजना आली, म्हणजे कापूस सरकारलाच द्यायचा. खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, ही ओळ. मामाजी तीन रात्री बंडीखाली झोपले. बैलांचा कडबा संपला म्हणून मागच्या बंडीवाल्याकडून दोन पेंढ्या उसन्या घेतल्या, त्या परत द्यायच्या राहिल्या, ते त्यांना अजून खुपतं. गावाचं नाव आठवतं, माणसाचं नाही. त्याच साली दुष्काळ होता, रेशनवर मिलो आला, लाल ज्वारी. मामाजी त्या भाकरीची चव सांगत होते तर सासूबाई खालून ओरडल्या, "खाल्ली तुमी, थापली कोनं?"

हे वाक्य पुस्तकात नाही. यंत्रानं ते गोंगाट समजून गाळलं.

यंत्राचं बोलायचं तर त्याला वऱ्हाडी कळत नाही. 'पऱ्हाटी छातीले लागे', म्हणजे कपाशी छातीएवढी व्हायची, याचं त्यानं 'पराठे छातीला लागत' केलं. एका पानावर तर आमच्या वावरात पाच एकर पराठे होते. हे मी छापायच्या आधी पकडलं. शकुंतला मात्र सुटली.

आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोट्या रुळांची गाडी, दारव्ह्यावरून, कारंज्यावरून जाणारी. 1994 पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. आता बंद आहे, रुळांत बाभळी उगवल्या आहेत. मामाजींची वरात दारव्ह्याहून कारंज्याला तिच्यातूनच गेली, गाडी रखडली आणि मुहूर्त टळला. छापील पुस्तकात हे असं आलं: 'लग्नाच्या दिवशी शकुंतला उशिरा आली, त्यामुळे मुहूर्त टळला. तरीही आजोबा आयुष्यभर तिला विसरले नाहीत.' दुसरं वाक्य मामाजींचं नाहीच, तिकडं कुणीतरी मनानं जोडलं. धड्याचं नाव, 'पहिलं प्रेम'.

भासऱ्यांनी हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. सासूबाईंचं नाव शकुंतला नाही. त्या क्षणभर गप्प, मग पदर तोंडात घालून इतक्या हसल्या की ठसका लागला. मामाजी दोन दिवस पुस्तकाला शिवले नाहीत.

दुरुस्त प्रत यायला दीड महिना लागला, जादा पैसे घेतले नाहीत. कागद चांगला, अक्षर मोठं, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतं. फोटो मात्र वीसच घेतात.

एवढं असून साडेतीन तारे कशाचे? प्रत्येक धड्याच्या कोपऱ्यात एक क्यूआर कोड आहे. तो फोनसमोर धरला की मामाजींचा आवाज येतो, खोकल्यासकट, मागं कुत्रं भुंकतं त्यासकट. सासूबाईंचं 'थापली कोनं' तिथं जसंच्या तसं आहे. कस्टमर केअरला विचारलं, हे किती वर्षं चालेल? म्हणे पाच. मग मी सगळे आवाज उतरवून पेन ड्राइव्हमध्ये घातले आणि तिन्ही नणंदांना एकेक दिला. घेणार असाल तर हे पहिल्या महिन्यापासूनच करा, शेवटी एकदम बसलात तर रात्र जाते. आणि घरात विचारणारं माणूस नसेल, तर हे पैसे दुसरीकडं लावा.

आता पोट्टे रोज कोड धरून बसतात. मामाजींना ते अजून जमत नाही, पण बाजेवर पडून ऐकतात आणि स्वतःशीच भांडतात. परवा बंडीच्या ओळीचा किस्सा लागला होता. फोनमधले मामाजी म्हणाले, तीन रात्री. बाजेवरचे मामाजी उठून बसले.

"चार. बाई, हे बदलव. चार रात्री होत्या. चौथ्या रात्री त्या पेंढीवाल्याची बंडी मह्या पुढं गेल्ती."

मी फोन काढला, पुन्हा रेकॉर्डिंग लावलं.