फोमची मॅट की हवेची गादी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे तंबू ठोकून राहायचं तर पाठीखाली काय घ्यायचं, हे भांड्याकुंड्यांच्या आधी ठरवा.

घडीची फोम मॅट दीड-दोन सेंटिमीटर जाड, वजनाला साधारण 400 ग्रॅम. करवंदीच्या काट्यांवर टाकली तरी तिला काही होत नाही, दुपारी बसायलाही तीच. पण तिकडची जमीन जांभ्याची. खाली एखादा खडा राहिला की रात्रभर टोचतो. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा तर सकाळी ठणकतोच.

हवेची गादी 5 ते 8 सेंटिमीटर फुगते. ती गच्च फुगवू नका. आडवं व्हायचं, कुशीवर वळायचं आणि थोडी थोडी हवा सोडायची. खुबा जमिनीला टेकायच्या जरा आधी थांबायचं. काटा लागला की मात्र खेळ खल्लास, म्हणून पॅच सोबत हवाच. भोक सापडेना तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात. शिवाय काही गाद्या कूस बदलली की चुरचुर वाजतात, शेजारचा वैतागतो.

थंडीत जाडीवर जाऊ नका, आर-व्हॅल्यू बघा, म्हणजे ऊब जमिनीत जाण्यापासून किती अडते त्याचा आकडा; जितका मोठा तितकी ऊब जास्त. आत अस्तर नसलेल्या गादीतली हवा खेळत राहते आणि अंगाची ऊब जमिनीत जाते. डिसेंबरात 2 च्या आसपास आर-व्हॅल्यूची फोमही तिच्यापेक्षा उबदार ठरू शकते. दोन्ही एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते.

पाठीवर झोपत असाल तर फोम घ्या, पैसे वाचवा. कुशीवाल्यांनी हवेचीच घ्यावी, खाली जुनी सतरंजी टाकून. आणि तिथल्याच भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू टाकायचा नाही.