जड झालेले पॉवर स्टिअरिंग: दोष पंपाचा, रॅकचा की सांध्यांचा?

जुन्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग जड लागू लागले की पहिला संशय बहुधा पंपावरच घेतला जातो. पंप बोनेट उघडताच दिसतो आणि रॅकच्या (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या संचाच्या) मानाने सहज उतरवताही येतो, म्हणून तसे होत असावे. पण जडपणाची कारणे दोन अगदी वेगळ्या प्रकारची असतात: एकतर तेलाच्या दाबाची मदत कमी पडते, किंवा मदत पुरेशी मिळत असूनही एखादा सांधा अडून बसलेला असतो. हे आधी ठरवल्याशिवाय सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ठरवण्यासाठी पुढची दोन्ही चाके जॅकने उचलावीत, गाडी स्टँडवर भक्कम टेकवावी आणि इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंगचे कुलूप किल्लीने सोडवून, ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. चाके अधांतरी असल्यामुळे टायरचे घर्षण उरत नाही आणि तेलाचा जो थोडा विरोध जाणवतो तो सगळीकडे सारखा असतो. मात्र एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके लागत असेल, तर कॉलमच्या (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) खालच्या शाफ्टवरील क्रॉस, म्हणजे दोन शाफ्ट कोनात जोडणारा सांधा, गंजून आखडल्याची शक्यता फार मोठी. आमच्या जुन्या गाडीचा पंप बदलून झाला, तेल नवे झाले, तरी जडपणा तसाच राहिला. शेवटी तो क्रॉस सुटा करून हातात घेतला, तर एका दिशेने तो बोटाने हलत होता आणि दुसऱ्या दिशेने पान्याशिवाय हलेना. चालत्या गाडीत सांध्यांच्या दोषाची खूण अशी की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. चाकाखालचे बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारे सांधे) किंवा स्ट्रटच्या (चाकावरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या) माथ्यावरचे बेअरिंग आखडले तरीही हेच घडते. पंप नुसता कमजोर असेल तर स्टिअरिंग फिरवताना जोर लागतो, पण ते परत येताना सहसा अडत नाही.

सांधे मोकळे निघाले की प्रश्न पंप आणि रॅक यांच्यात उरतो. पंपाला डावे-उजवे कळत नाही. तो फक्त दाबाखाली तेल पुरवतो आणि ते रॅकमधील पिस्टनच्या कोणत्या बाजूला सोडायचे हे रॅकवरचा व्हॉल्व्ह ठरवतो. त्यामुळे स्टिअरिंग एकाच बाजूला जड लागत असेल तर दोष रॅककडे शोधावा. दोन्ही बाजूंना सारखेच जड लागत असेल, गाडी उभी असताना त्रास जास्त आणि इंजिनचा वेग वाढवताच कमी होत असेल, तर पंप झिजलेला असण्याची शक्यता अधिक, कारण झिजलेल्या पंपातून आतल्या आत निसटणारे तेल मंद वेगात फार मोठा वाटा खाऊन टाकते. याउलट सकाळी पहिली काही मिनिटे जड आणि इंजिन तापल्यावर ठीक, ही तक्रार बहुधा रॅकच्या व्हॉल्व्हची असते: त्यातील टेफ्लॉनच्या रिंगांनी व्हॉल्व्हच्या घराच्या (बाहेरच्या कवचाच्या) आतील भिंतीवर चर पाडलेले असतात आणि थंड, ताठ रिंगांना तेथून तेल अडवता येत नाही.

अर्थात पंप फिरवणाऱ्या पट्ट्याच्या सैलपणाची लक्षणे हुबेहूब पंपासारखीच असतात, फक्त स्टिअरिंग टोकाला नेताना पट्टा किंचाळतो. स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्यात फेस दिसला आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला, तर डब्याकडून पंपाकडे येणाऱ्या नळीतून हवा ओढली जात असावी. काही डब्यांच्या तळाशी बारीक जाळी असते. ती गाळाने भरली तर सावकाश फिरवताना काही जाणवत नाही, पण झटकन वळवताच स्टिअरिंग क्षणभर दगडासारखे होते. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होते, हे सांगायला संकोच वाटतो, पण अनेकदा पाहायचे राहून जाते ते हेच.

पंप की रॅक याचा खात्रीचा निवाडा प्रेशर गेजच करतो. पंपाच्या दाबनळीवर गेज आणि त्याच्या पुढे बंद करता येणारा कॉक बसवतात. इंजिन चालू ठेवून कॉक जास्तीत जास्त पाच सेकंद बंद करायचा. त्याहून अधिक नाही, कारण पंप तापून खराब होतो. दाब गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढा चढला तर पंप निर्दोष. त्यानंतर कॉक उघडून स्टिअरिंग क्षणभर टोकाला नेले असता दाब त्याच्या आसपास पोहोचत नसेल, तर तेल रॅकच्या आत निसटते आहे.

बोनेटखाली तेलाचा डबाच नसेल तर वरील बरेचसे गैरलागू ठरते. विजेवर चालणारे स्टिअरिंग 1988 पासून गाड्यांत येऊ लागले, त्यामुळे जुनी गाडी म्हणजे तेलाचेच स्टिअरिंग असे धरून चालू नये. तेथे आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि सूचक दिवा पाहावा.

दोष रॅकचा ठरल्यास नुसते सील बदलावेत की पूर्ण रॅक, हे उघडून पाहूनच ठरते. रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे किंवा व्हॉल्व्हच्या घरात चर असतील तर नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा कापले जातात, म्हणून अशा वेळी पूर्ण रॅक घेतलेलाच बरा. आणि तो बसवल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट (कोन जुळवणे) करावेच लागते. पंप बदलताना खर्च कमी दिसतो, परंतु जुन्या तेलात धातूची चमकती भुकटी आढळली तर नळ्या, डबा आणि रॅक धुऊन काढल्याशिवाय नवा पंप जोडू नये, कारण तीच भुकटी फिरून त्याच्यात शिरते. तेल भरताना झाकणावर लिहिलेला प्रकारच वापरावा आणि इंजिन सुरू करण्याआधी, चाके उचललेलीच असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवून हवा काढून घ्यावी.