१४७ चा डिरेक्शनल स्नोबोर्ड: एक सीझन, सगळ्या प्रकारचा स्नो आणि शेपटीतली ती खाच

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्टीव्हन्स पासच्या स्की रिसॉर्टहून रात्री घरी आले, गराजमध्ये स्नोबोर्ड पुसायला घेतला आणि फडक्याचा धागा शेपटीच्या खाचेत अडकला. ओढला तर सुटेना. दिवा जवळ आणून बघितलं, तर खाचेच्या कोपऱ्याशी वरचा थर लाकडापासून सुटला होता. नख आत जाईल एवढी फट. अंगठ्याने दाबलं आणि फटीतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला. बोर्ड घेऊन पुरते चार महिने झाले नव्हते, बर्फावरचे जेमतेम १६ दिवस भरले होते आणि ३८९ डॉलर मोजले होते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यामुळे या बोर्डबद्दल जे काही लिहीन त्यात ती खाच पुन्हा पुन्हा येणार, हे आधीच सांगते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हा डिरेक्शनल, म्हणजे नाक पुढे ठेवून एकाच दिशेने चालवायचा बोर्ड. असा आकार आता बऱ्याच जणांकडे मिळतो: आखूड, कंबरेत रुंद, नाक मोठं, शेपटी निमुळती आणि मधोमध कापलेली. माझं वजन ६१ किलो, बूट २४.५ (पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये). आधीचा बोर्ड १५२ सेंटिमीटर लांबीचा, पूर्ण कॅम्बरचा (मध्ये कमानीसारखा वर उचललेला), सात सीझन वापरलेला. हा १४७ चा, पण कंबर २५.८ सेंटिमीटर, म्हणजे आधीच्यापेक्षा जवळपास दोन सेंटिमीटर रुंद. टेपर, म्हणजे नाकाच्या आणि शेपटीच्या रुंदीतला फरक, १८ मिलिमीटर. खोक्यातून काढला तेव्हा लेक म्हणाली, "आई, ही तर पापलेटची शेपटी!" तेव्हापासून घरात त्याचं नाव पापलेट.

आकार नवा नाही. १९७० च्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविच विंटरस्टिक कंपनीचे बोर्ड बनवायचा, त्यात अशी दुभंगलेली शेपटी होतीच. तेव्हाचे बोर्ड लांबलचक असायचे. आता लांबी काढून घेतली आहे आणि ती रुंदीत भरली आहे. स्नोवर तरंगायला लागतं ते क्षेत्रफळ, ते लांबीतून आलं काय आणि रुंदीतून आलं काय.

मी राहते वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला, त्यामुळे माझा स्नो म्हणजे कॅस्केड्स पर्वतरांगेचा स्नो. युटा-कोलोरॅडोच्या कोरड्या पावडरवर लिहिलेलं काहीही इथे जसंच्या तसं लागू होत नाही. स्नोक्वाल्मी पास ३,०२२ फुटांवर, स्टीव्हन्स पास ४,०६१ फुटांवर. समुद्र जवळ, तापमान शून्याच्या आसपास. सकाळी स्नो, दुपारी पाऊस, रात्री पुन्हा गोठलेलं. इथले लोक या स्नोला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात ते उगाच नाही. मुठीत दाबला तर भिजवलेल्या पोह्यांसारखा गोळा होतो.

आणि नेमक्या याच स्नोवर पापलेटने पहिल्याच दिवशी मला जिंकलं. डिसेंबर, स्नोक्वाल्मीचं समिट सेंट्रल, संध्याकाळच्या दिव्यांतलं सेशन, वरून गारठलेला पाऊस आणि खाली सहा इंच जड, ओला स्नो. जुन्या बोर्डवर अशा दिवशी मागच्या मांडीवर सगळं वजन टाकून नाक वर धरावं लागायचं, तासाभरात मांडी थरथरायची. इथे दोन्ही पायांवर सरळ उभी राहिले. शेपटी आपोआप थोडी खाली बसते, नाक आपोआप वर येतं. तीन तासांनी गाडीकडे चालत जाताना लक्षात आलं की मांडी दुखतच नाहीये. माझ्या बेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांसाठी ही एकच गोष्ट ३८९ डॉलरची आहे असं मी त्या रात्री नवऱ्याला म्हणाले, आणि ते आजही मागे घेत नाही.

जानेवारीत मात्र मत पार उलटं झालं. हवाईच्या बाजूने उबदार ओली हवा आली, ज्याला इकडे पाइनॲपल एक्स्प्रेस म्हणतात. दोन दिवस डोंगरमाथ्यापर्यंत पाऊस पडला. मग आभाळ मोकळं झालं, थंडी पडली आणि सगळा उतार काचेसारखा झाला. स्टीव्हन्सला स्कायलाइन लिफ्टवरून उतरताना टाचेवरच्या प्रत्येक वळणात बोर्ड खालून सरकायचा. बोर्डच्या कडेची धातूची धार रुतली असं वाटायचं आणि पुढच्या क्षणी खर्रकन घसरण. एकदा पंधरा-वीस फूट कुल्ह्यावर घसरत गेले. आखूड बोर्ड, कमी धार, कमी पकड: गणित सोपं वाटलं. घरी येऊन विकायची जाहिरात लिहिलीसुद्धा, २८० डॉलर.

जाहिरात टाकण्याआधी धार नीट करून द्यावी म्हणून फाइल काढली. धारेला दुकानात पाठवायची सवय मला नाही. ४० डॉलरची फाइल आणि गाइड घेतलं त्याला सहा वर्षं झाली, त्यात कुटुंबातले तीन बोर्ड चालतात. काळ्या मार्करने धारेची बाजू रंगवली, ८८ अंशांचं गाइड लावलं आणि फाइल एकाच दिशेने हलक्या हाताने ओढली. दोन हात फिरल्यावर पुसून बघितलं. बाजूची शाई गेली होती, पण धारेच्या अगदी कोपऱ्यावर, तळाला चिकटून, केसाएवढी काळी रेघ तशीच होती. फाइल तिथे पोचतच नव्हती, कारण तो कोपरा गोलसर होता. कारखान्यातूनच. मागच्या पायापासून पुढच्या पायापर्यंत, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच. मी दोन महिने बोथट धारेवर बर्फ कापत होते आणि दोष लांबीला देत होते.

ती रेघ जाईपर्यंत फाइल ओढली. टाचेच्या बाजूला चौदा वेळा, बोटांच्या बाजूला अकरा वेळा. मग डायमंड स्टोन. शेवटी नखाची पाठ धारेवर आडवी ओढली तर नखाचा पांढरा भुगा धारेवर राहिला. पुढच्या शनिवारी तोच उतार, जवळपास तसाच बर्फ, आणि बोर्ड धरून राहिला. जाहिरात खोडून टाकली.

तरी पूर्ण सत्य सांगायचं तर सगळा दोष धारेचा नव्हता. कंबर २५.८ आणि बूट २४.५ हे जमत नाही. बूट धारेपासून आत राहतो, त्यामुळे बोर्ड काठावर उभा करायला घोट्याला जास्त जोर लावावा लागतो. मऊ स्नोवर हे कळत नाही, टणक बर्फावर दर वळणाला कळतं. दुकानदार आखूड बोर्ड देताना 'टाच-चवडा बर्फाला घासणार नाही' हा फायदा सांगतो. तो मोठ्या पावलांच्या माणसाचा फायदा आहे. लहान पावलांच्या बायकांनी कंबरेचा आकडा बघितल्याशिवाय हा आकार घेऊ नये. बूट धरून ठेवणारं बाइंडिंग टाचेकडे अर्धा सेंटिमीटर सरकवून मी थोडं सांभाळून घेतलं. स्नोक्वाल्मीच्याच अल्पेंटलला वरच्या लिफ्टवर मात्र, बर्फ टणक असेल तर, अजूनही जुना १५२ च नेते.

पावडरबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यासाठीच हा बोर्ड बनलेला आहे आणि तिथे तो कसा चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. झाडांमधलं तेवढं लिहिते. फेब्रुवारीत एका रात्रीत चौदा इंच पडला आणि आम्ही दोघी मैत्रिणी स्टीव्हन्सच्या मागच्या बाजूला, मिल व्हॅलीत, झाडांमध्ये शिरलो. दोन झाडांमध्ये वळायला जागा कमी असते आणि तिथे पाच सेंटिमीटर कमी लांबी म्हणजे वेगळाच बोर्ड. मागचा पाय नुसता ढकलला की शेपटी फिरते. मैत्रीण १५६ वर होती, ती दोनदा थांबली, मी सरळ वाहत खाली आले. पण हे सोपं होतं म्हणूनच जपायला हवं. इथल्या झाडांच्या फांद्यांखाली, बुंध्याभोवती सैल स्नोने भरलेले खड्डे असतात. त्यात डोकं खाली करून पडलं तर स्वतःहून बाहेर येणं फार अवघड. बोर्ड चपळ झाला म्हणून झाडाच्या जास्त जवळ जायचं नाही, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, शिटी जॅकेटच्या गळ्याशी बांधायची.

त्याच दिवशी रात्री तो थेंब दिसला.

दुकानात गेले तर ते म्हणाले, आम्ही फक्त विकतो, कंपनीला लिहा. कंपनीला लिहिलं. फोटो पाठवा. पाठवले. बिल पाठवा. पाठवलं. मग उत्तर आलं: आघाताने झालेलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. आघात कुठे आहे? शेपटीच्या तळावर ओरखडा नाही, धारेला खोक नाही. जवळून काढलेले सहा फोटो पुन्हा पाठवले. एकूण नऊ ईमेल झाले, वाक्य तेच. शेवटी पुढच्या खरेदीवर २० टक्के सूट देऊ केली. मी ती घेतली नाही. ज्या शेपटीत पाणी शिरतं तीच शेपटी सवलतीत दुसऱ्यांदा कशाला घ्यायची?

कारण माझ्या मते सरळ आहे. बोर्डच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची भिंत असते, ती लाकडाला पाण्यापासून वाचवते. माझ्या बोर्डच्या खाचेत ती नाही. तिथे लाकूड कापून वर नुसता रंग मारला आहे. मुद्दाम दोन दुकानं फिरून याच आकाराचे इतर बोर्ड उलटे करून बघितले, तर दोघांच्या खाचेत प्लास्टिकचा तुकडा व्यवस्थित बसवलेला होता. आमच्याकडचा स्नो ओला. खाचेत पाणी साठतं, गाडीच्या टपावर रात्री गोठतं, आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. रंगाला एक बारीक तडा पुरतो. दिवसा पाणी, रात्री बर्फ, असं सोळा वेळा झालं की थर उचलणारच. कोरड्या प्रदेशात कदाचित हे कधी दिसलंही नसतं.

दुरुस्ती घरी केली. फट उघडी राहावी म्हणून तिच्यात दोन टूथपिक घातले आणि बोर्ड आठ दिवस दिवाणखान्यात, शेपटी वर करून उभा ठेवला. मग सावकाश वाळणारा एपॉक्सी सुईच्या सिरिंजने आत भरला, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. वर-खाली मेणकागद, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि शेजाऱ्यांकडून आणलेले दोन क्लॅम्प. चोवीस तास हात लावला नाही. नंतर पूर्ण खाचेला आतून एपॉक्सीचा पातळ हात दिला. खर्च १७ डॉलर. जे काम कारखान्यात व्हायला हवं होतं ते मी घरात केलं, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

मार्चमध्ये मुद्दाम माउंट बेकरला नेला. १९९८-९९ च्या सीझनमध्ये इथे १,१४० इंच स्नो पडला, तो जागतिक विक्रम. १९८५ पासून बँक्ड स्लालम ही स्नोबोर्डची शर्यतही इथलीच. लिफ्टच्या रांगेत निमुळत्या शेपट्या सगळीकडे, माझ्याकडे वळून कोणी बघितलंही नाही. त्या दिवशी वाऱ्याने स्नोवर पापुद्रा धरला होता, मूगडाळीच्या पापडासारखा: वजन पडलं की मोडायचा आणि खाली गुडघाभर मऊ. या एका प्रकारात मला बोर्डकडून जास्त अपेक्षा होती. नाक पापुद्र्यावर चढतं, शेपटी त्यातून खाली जाते आणि दोन्हींच्या मध्ये मी अडकते. वळण अर्ध्यातच थांबतं. वजन जरा पुढे घेतलं, वळणं लांब केली तेव्हा कुठे जमलं. दरीसारख्या नैसर्गिक घळीत, जिथे पापुद्रा नव्हता, तिथे मात्र एका भिंतीवरून दुसरीवर जाताना जो आनंद झाला तो वर्षभर पुरेल. लागोपाठ चार वेळा तीच घळ केली.

एप्रिलमध्ये क्रिस्टल माउंटनला, ग्रीन व्हॅलीत, समोर लख्ख रेनियर पर्वत. सकाळी दहापर्यंत टणक, मग वरचा थर साबुदाण्यासारखा मोकळा होतो. हा तासभर या बोर्डचा सगळ्यात सुंदर काळ, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पावडरपेक्षाही इथे तो जास्त आवडला. दाणे रुंद तळाखालून सरसर सरकतात, धार सहज बसते, वळण हवं तेवढं गोल काढता येतं. दुपारी स्लश झाला की तळ चिकटतो. उन्हाळी पिवळं वॅक्स लावलं नसेल तर सपाट भागात एक पाय काढून ढकलावं लागतं, कारण आखूड बोर्ड वेग लवकर सोडतो.

उलटं, शेपटी पुढे ठेवून, म्हणजे स्विच, चालवायचं असेल तर हा घेऊ नका. उड्या-कसरतींच्या पार्कसाठीही नाही. लिफ्टवर बसल्यावर मोठ्या नाकावर स्नो साठतो आणि डाव्या घोट्याला ओढ बसते, तेव्हा उजवा बूट खालून टेकवून ठेवायचा.

धार स्वतः करता येत असेल, स्नो ओला असेल, गुडघे बोलायला लागले असतील, तर आखूड डिरेक्शनल बोर्ड घ्या असंच मी म्हणेन. पण दुकानात आधी तो उलटा करा आणि खाचेत बोट घाला. गुळगुळीत प्लास्टिक लागलं पाहिजे. नुसता रंग लागला तर खाली ठेवा.

सीझनचे २३ दिवस झाले. गाडीत आता आईच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा कायम असतो. पार्किंगमध्येच खाच पुसते, घरी आल्यावर टपावर न ठेवता बोर्ड आत आणते. परवा वॅक्स लावून वर ठेवण्याआधी फटीच्या जागेवर दोनदा नख फिरवलं. कुठे अडकलं नाही.